उमेदवारीचा पहिला दिवस

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर रोज दोनचार तरी जाहीर नोटिसा असतात. गाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मालकाचे नाव. आणि शेवटी, कुणाचा हक्क, बोजा किंवा हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत पुराव्यानिशी कळवावे, अशी सूचना. खाली वकिलाचे किंवा लॉ फर्मचे नाव. ही नोटीस निघते तेव्हा त्या मिळकतीचे कागद कुणीतरी वाचायला घेतलेले असतात. साधारण तीस वर्षांचे सातबारे, फेरफार, दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी, इंडेक्स-टू, जुनी खरेदीखते, एखादे विसरलेले गहाणखत. या वाचनातून पुढे हक्काबद्दलचा दाखला तयार होतो. त्यावर विसंबून बँक कर्ज देते आणि एखादे कुटुंब आयुष्यभराची पुंजी घर घेण्यात घालते. दाखल्यावर सही पार्टनरची असते. कागदांचा ढीग पहिल्यांदा उपसणारा मात्र पुष्कळदा फर्ममधला सर्वांत धाकटा माणूस असतो: इंटर्न, आर्टिकल्ड क्लार्क, किंवा नुकतीच सनद मिळालेला ज्युनिअर असोसिएट. त्याच्या नजरेतून वारसाचा एक फेरफार सुटला, तर ती चूक वर चढत सहीपर्यंत जाऊ शकते आणि वीस वर्षांनी दिवाणी दाव्याच्या रूपाने परत येऊ शकते.

लॉ फर्ममध्ये शिकाऊ म्हणून प्रवेश मिळवण्याविषयी जे काही सांगायचे, ते या चित्रातूनच निघते. अर्ज वाचणारा वकील ‘हा मुलगा किती हुशार आहे?’ एवढेच विचारत नाही. त्याचा खरा प्रश्न अधिक व्यावहारिक असतो: याने केलेले काम मला पहिल्यापासून पुन्हा करावे लागेल का? शिकाऊ माणसाचे काम वरिष्ठाने तपासायचे असतेच. पण काही कामे वरून नजर फिरवून पुढे पाठवता येतात, आणि काही कामांच्या प्रत्येक ओळीवर संशय घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारचा सहायक असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण तो वेळ वाचवण्याऐवजी खातो. मराठीत ‘उमेदवार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. जागेसाठी अर्ज करणारा तो उमेदवार, आणि जाणत्याच्या हाताखाली राहून काम शिकणारा तोही उमेदवार. ‘त्याने चार वर्षे उमेदवारी केली’ असे आपण म्हणतो ते या दुसऱ्या अर्थाने. वकिलीच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडता येत नाहीत. उमेदवारी निवड झाल्यावर सुरू होत नाही, ती अर्ज लिहायला बसल्याक्षणी सुरू होते. फर्मच्या टेबलावर पडलेला तुमचा पहिला मसुदा म्हणजे तुमचा अर्ज.

फर्म इतकी सावध का असते, याचे उत्तर आपल्याकडच्या शिक्षणव्यवस्थेतही आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावाच लागतो. २०२१ पासून लागू झालेल्या सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशनच्या पद्धतीत हा अनुभव दोन वर्षांचा असतो आणि तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पुरा करता येतो. भारतात बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनदेआधी एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता. १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण अधिवक्ता अधिनियमाने कौन्सिलला तसा अधिकार दिलेला नव्हता. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आली, पण परीक्षा म्हणजे उमेदवारी नव्हे. मुंबईत मात्र जुनी परंपरा एका रूपात टिकून आहे. सॉलिसिटरांची कायद्याने वेगळी असलेली ओळख १९७६ च्या दुरुस्तीने संपली, तरी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा आणि तिच्यासाठी सॉलिसिटरच्या हाताखाली करायची आर्टिकलशिप चालू राहिली. ही वाट थोडे जण धरतात. बाकीच्यांचे शिक्षण विद्यार्थिदशेतल्या तुटक इंटर्नशिपमध्ये आणि नोकरीच्या पहिल्या दोनतीन वर्षांत होते. म्हणजे शिकवण्याचा सगळा खर्च फर्मच्या किंवा सीनियरच्या खिशातून आणि वेळेतून जातो. हा खर्च कुणावर करायचा हे ठरवताना तिच्या हाती सुरुवातीला असते काय? एक पानाचे पत्र आणि दोन पानांचा सीव्ही.

म्हणूनच अर्जातल्या लहान चुका लहान राहत नाहीत. नावातल्या चुकीचेच पाहू. २००९ मध्ये ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाने ‘टेलर अँड सन’ या बुडालेल्या कंपनीविषयीचा आदेश ‘टेलर अँड सन्स’ या कार्डिफच्या जुन्या, चालत्या कंपनीच्या नावापुढे नोंदवला. फरक एका ‘स’चा. चूक काही दिवसांत दुरुस्त झाली, पण तोवर ती माहिती कंपन्यांच्या पतीची माहिती देणाऱ्या संस्थांपर्यंत पोचली होती. माल पुरवणाऱ्यांनी हात आखडते घेतले आणि कंपनी बंद पडली. २०१५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरले. कायद्याच्या जगात नाव म्हणजे ओळख, आणि ओळख चुकली की पुढचे सगळे चुकते. मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या फर्मपैकी सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास या २०१५ मध्ये एकाच जुन्या फर्मच्या विभागणीतून झालेल्या दोन स्वतंत्र फर्म आहेत. एकीला पाठवलेल्या पत्रात दुसरीचे नाव राहिले, किंवा एका फर्मसाठी लिहिलेला परिच्छेद नाव बदलून दुसरीकडे गेला, तर वाचणाऱ्याला त्यातून घाईपेक्षा जास्त काहीतरी कळते. हा माणूस उद्या एका अशिलाच्या करारावरून दुसऱ्याचा करार तयार करील तेव्हा जुन्या पक्षकाराचे नाव मधल्या एखाद्या कलमात तसेच सोडील, हे त्याला दिसते. मसुदे जुन्यावरूनच तयार होतात. म्हणून ही भीती काल्पनिक नाही.

नावाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कायदा आज काय आहे याची खात्री. २५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एन. एन. ग्लोबल प्रकरणात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरवले, की मुद्रांक न भरलेल्या करारातले लवादाचे कलम अंमलात आणता येत नाही. त्यावर अनेक विद्यार्थ्यांनी टिपणे लिहिली असतील. पण त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला: मुद्रांकाची उणीव नंतर भरून काढता येते, तिच्यामुळे करार मुळातच रद्द ठरत नाही. आठ महिनेही न टिकलेल्या त्या निकालावरचे टिपण २०२४ च्या अर्जाला जसेच्या तसे जोडले, तर भाषा कितीही सफाईदार असली तरी ते टिपण उमेदवाराच्या विरुद्ध साक्ष देते. उलट त्याच टिपणाखाली नंतरच्या निकालाने काय बदलले याच्या चार ओळी जोडल्या, तर तेच टिपण त्याच्या बाजूने बोलू लागते. वाचणाऱ्याला कळते, की या उमेदवाराला निकाल वाचता येतो आणि तो अजून उभा आहे की पडला हे तपासण्याची सवयही आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा प्रश्नही इथेच येतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने माटा विरुद्ध एव्हियांका खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल उद्धृत केल्याबद्दल वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलरचा दंड केला. जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानेही अशाच प्रकरणांत वकिलांना कडक समज दिली. या साधनांनी अर्ज लिहून घेण्यातला तोटा सांगायला नीतीची चर्चा लागत नाही. असा अर्ज सुबक असतो आणि शेकडो अर्जांसारखाच दिसतो. तुमच्या हातचे काम कसे आहे, या एकाच प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

मग अर्जात लिहायचे काय? इथे वकिलीचाच एक पायाभूत नियम वाट दाखवतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०४ सांगते, की जो एखाद्या वस्तुस्थितीच्या आधारे निकाल मागतो, त्यानेच ती वस्तुस्थिती सिद्ध करायची. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम १०१ होते, आणि कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी ते शिकतो. तरीही अर्ज लिहिताना तो ‘मी मेहनती, प्रामाणिक, जिज्ञासू असून मला संशोधनाची उत्तम जाण आहे’ असे लिहितो आणि शाबितीचा भार वाचणाऱ्यावर ढकलतो. ही विशेषणे खोटी असतील असे नाही, पण पुराव्यावाचून ती निरुपयोगी आहेत. ‘ड्राफ्टिंगचा अनुभव’ याऐवजी ‘भाडेकरूला काढण्याच्या दोन दाव्यांची कैफियत तयार करण्यात मदत, त्यासाठी मागच्या पावत्यांचा तारीखवार तक्ता केला’ असे लिहिले, की वाचणाऱ्यासमोर काम उभे राहते. ‘मूट कोर्टात सहभाग’ याऐवजी कोणत्या प्रश्नावर, कोणत्या बाजूने, लेखी युक्तिवादातला कोणता भाग स्वतः लिहिला, हे एका ओळीत सांगता येते. असे लिहिताना काही जणांना आपल्याजवळ फार थोडे आहे असे वाटेल. तसे वाटणे हिताचे आहे, कारण त्यातूनच पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे ते कळते. आणि जे थोडे असेल ते नेमके सांगणारा अर्ज, पुष्कळ असल्याचा आव आणणाऱ्या अर्जापेक्षा अधिक विश्वास मिळवतो.

पुरावा देण्याच्या उत्साहात एक मर्यादा मात्र ओलांडता कामा नये. आधीच्या इंटर्नशिपमध्ये पाहिलेल्या अशिलांची नावे, व्यवहारांच्या रकमा, अप्रकाशित करारांचे तपशील सीव्हीत घालणे किंवा तिथे लिहिलेले मेमो नमुना म्हणून जोडणे ही गंभीर चूक आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे, आणि ते वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू होते. नवी फर्म असा सीव्ही वाचून प्रभावित होत नाही. उद्या आमच्या अशिलांची नावेही अशीच बाहेर जातील, एवढेच ती ओळखते. ‘एका औषधनिर्मिती कंपनीच्या करारांची ड्यू डिलिजन्स’ एवढे पुरते. लेखनाचा नमुना हवा असेल तर छापील निकालावर स्वतंत्रपणे लिहिलेले दोन पानी टिपण सर्वांत चांगले: घडले काय, प्रश्न कोणता होता, न्यायालयाने तो कसा सोडवला, आणि उद्याच्या व्यवहारात त्याने कुणाला काय वेगळे करावे लागेल. हा शेवटचा भाग बहुतेक टिपणांत नसतो. फर्मला मात्र रोज त्याचीच गरज असते, कारण अशील निकाल समजून घ्यायला येत नाही. आता मी काय करू, हे विचारायला येतो.

‘तुमच्याच फर्ममध्ये का?’ या प्रश्नाचे उत्तरही याच कसोटीवर घासावे. मुंबईत क्रॉफर्ड बेलीसारखी १८३० पासून चालत आलेली फर्म आहे, आणि गेल्या दोनतीन दशकांत वाढलेल्या फर्मही आहेत. कुणाचा भर बांधकाम आणि जमिनीच्या व्यवहारांवर, कुणाचा कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर, कुणाचा सागरी कायद्यावर, कुणाचा न्यायालयीन कामावर. ‘आपली नामांकित संस्था’ हे शब्द यांतल्या कुठल्याही फर्मला पाठवता येतात, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाहीत. फर्मच्या संकेतस्थळावर तिच्या शाखांची आणि अलीकडच्या कामांची माहिती असते, आणि उच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध निकालांत कोणत्या बाजूने कोण उभे होते याची नोंद असते. एवढे वाचून एका शाखेचे नाव घ्यावे, आणि तिथल्या कामाशी आपल्या आजवरच्या कामाचा धागा एका वाक्यात जोडावा. तो जुळत नसेल तर ती फर्म आपल्यासाठी नाही, हेही उपयोगी ज्ञान आहे. शंभर फर्मना एकच पत्र पाठवण्यापेक्षा दहा फर्मना दहा पत्रे लिहिण्यात कष्ट जास्त आहेत, पण तेच तर फर्मला पाहायचे असते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे पुस्तकी झाले, प्रत्यक्षात राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या मुलांना आणि ओळखीवाल्यांनाच बोलावले जाते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोठ्या फर्म काही ठरावीक विद्यापीठांत जाऊन निवड करतात. ओळखीच्या शब्दाने दार लवकर उघडते, आणि तालुक्याच्या गावातून लॉ कॉलेजला आलेल्या मुलीला हा शब्द टाकणारे कुणी नसते. पण कॉलेजचे नाव आणि ओळख तरी काय करतात, हे नीट पाहिले तर दिसते की तीही भरवशाचीच उसनी हमी असते. वाचणाऱ्याला उमेदवाराविषयी स्वतःला काही माहीत नसते, म्हणून तो प्रवेश परीक्षेवर किंवा मित्राच्या शब्दावर विसंबतो. ज्याच्याजवळ ही उसनी हमी नाही, त्याला स्वतःची हमी तयार करावी लागते. हे अन्यायाचे आहे. सारख्याच जागेसाठी त्याला जास्त सिद्ध करावे लागते. परंतु यावरून नेमका अर्ज लिहिणे व्यर्थ ठरत नाही. ज्यांची ओळख नाही त्यांनाच त्याची गरज सर्वांत जास्त आहे, असे ठरते. शिवाय ओळखीने चार आठवडे मिळतात. पुन्हा बोलावणे येते की नाही, हे त्या चार आठवड्यांतल्या कामावर ठरते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. मुंबईत महिनाभर राहायचे, फर्म मानधन देईलच असे नाही, आणि घरून तेवढे पैसे येत नाहीत. शिकाऊ माणसाकडून पूर्ण दिवस काम घेणाऱ्यांनी त्याच्या राहण्या-खाण्याचा विचार करायला हवा, यात शंका नाही. विद्यार्थ्याच्या हाती आज जे आहे ते म्हणजे क्रम ठरवणे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू नये, आणि कनिष्ठ तसेच अपील न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा तरी जायला हवे. म्हणजे सुरुवातीच्या खेपा आपल्याच जिल्ह्यात, विधी सेवा प्राधिकरणात आणि दिवाणी-फौजदारी काम करणाऱ्या वकिलाकडे करता येतात आणि कराव्याही लागतात. तिथे घरभाडे लागत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी, मनाईहुकमाचा अर्ज, तारखांवर तारखा, तलाठी कार्यालयातल्या फेऱ्या हे सगळे तिथे पाहायला मिळते. ज्याने हे पाहिले आहे, त्याच्या कराराच्या मसुद्यात उद्या वाद झाला तर काय होईल याची जाण उतरते. मुंबईचा खर्च शेवटच्या एकदोन खेपांसाठी राखावा, आणि त्यासाठी अर्ज काही महिने आधी, उपलब्ध तारखा स्पष्ट लिहून पाठवावा.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा. कंपन्यांचे करार आणि उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. तेव्हा इंग्रजी नीट आलेच पाहिजे, त्यात सूट मागण्यात अर्थ नाही. पण मराठीत शिकलेला विद्यार्थी स्वतःजवळची एक मोठी ठेव लपवून ठेवतो. महाराष्ट्रातले जमिनीचे कागद मराठीत असतात, फार जुने असतील तर मोडी लिपीत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. ‘भोगवटादार वर्ग-२’ या नोंदीमुळे विक्रीला परवानगी लागते, कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही, इतर हक्कातली एक ओळ अख्खा व्यवहार अडवू शकते. हे सातबारा हातात धरून वाचता येणारा माणूस जमिनीचे काम करणाऱ्या फर्मला नेहमीच हवा असतो. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या दस्तऐवजांच्या बाबतीत हेच आहे. म्हणून सीव्हीच्या तळाशी ‘भाषा: मराठी’ एवढे लिहून थांबू नये. ‘सातबारा, फेरफार आणि मराठी दस्त वाचून इंग्रजीत सारांश करू शकते, तीन मिळकतींचा असा सारांश केला आहे’ असे लिहावे. तोच शाबितीचा भार, इथेही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. नावे तपासा, तारखा तपासा, निकाल टिकला की नाही ते पाहा. ही तर कारकुनी झाली, यात कायद्याची बुद्धी कुठे आहे? उत्तर असे, की कायद्यातली बुद्धी तपासलेल्या वस्तुस्थितीवरच उभी राहते. चुकीच्या तारखेवर रचलेला मुदतीचा युक्तिवाद कितीही कल्पक असला तरी पहिल्या प्रश्नाला कोसळतो. शिवाय भरवसा म्हणजे सगळे माहीत असणे नाही. मुलाखतीत एखादे कलम आठवले नाही, तर ‘हे मला आत्ता माहीत नाही; अमुक कायद्यात पाहीन आणि नंतरचे निकाल तपासीन’ हे उत्तर अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तराहून मोलाचे आहे. आपले ज्ञान कुठे संपते हे ज्याला कळते, त्याच्या ‘माहीत आहे’ या शब्दावर पार्टनर सही करू शकतो. असा माणूस पुढे मोठे युक्तिवादही करू शकतो. पण त्याची पायरी हीच.

तेव्हा अर्ज पूर्ण झाला की तो लगेच पाठवू नये. एक रात्र ठेवावा, सकाळी कागदावर छापून मोठ्याने वाचावा. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिहावा: याचा पुरावा काय? ज्या वाक्यापुढे उत्तर नाही ते खोडावे. फर्मचे नाव, व्यक्तीचे नाव आणि हुद्दा, तारखा, जोडलेल्या फाइली पुन्हा एकदा पाहाव्यात, आणि मग दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्याव्यात. निवड होईल की नाही हे यानेही ठरत नाही. जागा थोड्या आहेत आणि अर्ज फार आहेत. पण ही सवय वाया जात नाही. ज्या दिवशी कुणाच्या तरी घराचे तीस वर्षांचे कागद समोर येतील, त्या दिवशी तीच पेन्सिल अर्ज लिहिणाऱ्या मुलीच्या हातात असेल, आणि सुटू पाहणारा तो एक फेरफार तिला सापडेल. त्या कुटुंबाला तिचे नाव कधीच कळणार नाही. जाहीर नोटिशीखाली ते छापले जाणार नाही. पण त्यांचे घर तिच्या त्या नजरेवर उभे असेल.